पावसाळ्यात दोन दिवस साताऱ्यात: आधी यवतेश्वराकडे पाहावे

आषाढ-श्रावणातल्या शनिवार-रविवारी साताऱ्याला येणारे बहुतेक पाहुणे गाडीत बसतानाच कास, ठोसेघर आणि सज्जनगड अशी यादी पक्की करून आलेले असतात, आणि त्यांतील बरेच जण धुक्याची पांढरी भिंत पाहून, ओल्या कपड्यांनिशी घाटातल्या रांगेत ताटकळून परत जातात. दोष पावसाचा नसतो, यादीचा असतो. सातारा जिल्ह्यात पाऊस दिशेप्रमाणे बदलतो. पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडचे माण आणि खटाव हे तालुके भर पावसाळ्यातही आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. सातारा शहर या दोहोंच्या मध्ये, सह्याद्रीच्या उतरणीवर वसलेले आहे. त्यामुळे शहरात नुसती भुरभुर चालू असताना कासवर मुसळधार पाऊस असू शकतो आणि त्याच घटकेला पूर्वेला माहुलीच्या नदीघाटावर ऊन पडलेले असू शकते.

म्हणून येथे बेत घड्याळापेक्षा डोंगर पाहून ठरवावा. शहराच्या पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर आहे. सकाळी उठल्यावर गच्चीवर किंवा रस्त्यावर जाऊन आधी त्याच्याकडे पाहावे. माथा स्वच्छ दिसत असेल तर सज्जनगड आणि ठोसेघरच्या वाटेला लागावे. माथा ढगात बुडालेला, पण उतार दिसत असेल तर पूर्वेला माहुली किंवा उत्तरेला लिंब हे गाव गाठावे. डोंगरच दिसेनासा झाला असेल तर शहर सोडू नये. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर डोंगराकडे पाहण्याचीही गरज नाही, कारण अशा वेळी धबधब्यांच्या परिसरात पर्यटकांना बंदी घातली जाते आणि घाटात दरडी येण्याची भीती असते.

येणे आणि उतरणे

पुण्याहून सातारा सुमारे ११० किलोमीटर आहे आणि सांगलीहून त्याहून थोडे अधिक. पुण्याकडून येताना खंबाटकी घाट लागतो. शनिवारी सकाळी सात वाजता पुणे सोडले तर वाटेत चहा घेऊनही साडेनऊपर्यंत पोहोचता येते, मात्र आठ वाजले की महामार्गावर अर्धे पुणे आपल्याबरोबर निघालेले असते. सांगली-मिरजेकडच्या मंडळींना रेल्वे हा चांगला पर्याय आहे, कारण पुणे-मिरज मार्गावरच्या अनेक गाड्या साताऱ्याला थांबतात. स्थानक मात्र शहरापासून काही किलोमीटर पूर्वेला, माहुलीच्या बाजूला आहे. तेथून रिक्षा करताना भाडे बसण्याआधीच ठरवून घ्यावे.

मुक्कामासाठी महामार्गालगतची हॉटेले गाडी लावायला सोयीची असली, तरी मी पोवई नाका ते राजवाडा या पट्ट्यातच खोली घ्यावी असे सुचवेन. पावसाळी सहलीत संध्याकाळ हातची जाते ती ‘आता पुन्हा गाडी कोण काढणार’ या आळसाने. शहरात उतरले की छत्री घेऊन पायी बाहेर पडता येते. राजपथ आणि खालचा रस्ता, म्हणजे कर्मवीर पथ, हे दोन मुख्य रस्ते पोवई नाक्याला राजवाड्याशी जोडतात आणि हे अंतर दीड-दोन किलोमीटरचेच आहे. खोली घेताना पंखा चांगला आहे ना, कपडे वाळत घालायला दोरी किंवा खिडकी आहे ना आणि वीज गेल्यास जनरेटर चालू असतो ना, एवढे विचारून घ्यावे. एकदा आम्ही तिसरा प्रश्न विचारायला विसरलो आणि दुसऱ्या दिवशी चौघांनी ओले कपडे अंगावर वाळवले.

सामानात जाडजूड बूट आणू नयेत. पट्ट्याच्या, रबरी तळव्याच्या सँडल सर्वांत बऱ्या, कारण देवळे बरीच आहेत आणि दर वेळी ओले मोजे काढणे-घालणे हा सहलीतला सर्वांत कंटाळवाणा उद्योग ठरतो. शहरात छत्री चालते; गडावर आणि पठारावर वाऱ्याने ती उलटी होते, तेथे रेनकोटच हवा.

शनिवार: शहरासाठी राखून ठेवावा

पहिला दिवस शहराला देण्याचे कारण साधे आहे. प्रवासाने थोडे थकलेले असताना, दुपार होऊ घातली असताना पश्चिमेकडे निघाले की धुके आणि गर्दी दोन्ही वाट्याला येतात. शहर मात्र पावसात कोणत्याही वेळी पाहता येते.

सुरुवात मुख्य बसस्थानकाजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयापासून करावी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून भारतात आणलेली वाघनखे जुलै २०२४ मध्ये सर्वप्रथम येथेच लोकांसाठी मांडण्यात आली होती आणि तेव्हा पावसातही येथे रांगा लागल्या होत्या. ती पुढे नागपूरला गेली, पण म्हणून संग्रहालय टाळू नये. मराठा काळातील शस्त्रे, वस्त्रे आणि नाणी निवांत पाहायची तर गर्दी ओसरल्यावरच यावे. तलवारींच्या दालनात मुले हमखास रमतात; मोठ्यांनी वेळ द्यावा तो कापडांना आणि नाण्यांना. संग्रहालयाची वेळ आणि सुट्टी आदल्या दिवशी विचारून घ्यावी.

तेथून राजवाड्याकडे जावे. सातारा पाहायचा तर हे गाव कसे वसले, याची थोडी ओळख आधी असावी. मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ मध्ये साताऱ्यात झाला. त्यानंतर राजधानी हळूहळू गडावरून खाली उतरली आणि पायथ्याशी पेठा वसत गेल्या. मंगळवार, शनिवार, सदाशिव, भवानी या पेठांतून चालताना त्या वसण्यातला क्रम अजून जाणवतो. पुढे १८१८ नंतर इंग्रजांच्या छायेखाली गादीवर बसलेल्या प्रतापसिंह महाराजांनी शहराला रस्ते, पाणी आणि राजवाडा दिला. इंग्रजांनी १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले आणि १८४८ मध्ये सातारचे राज्यच खालसा केले. जुन्या राजवाड्याची लाकडी खांबांची, दुमजली वास्तू पाहताना हा शेवट डोक्यात असला की तिची आजची पडझड निराळी वाटते. आत सर्वत्र फिरता येत नाही. समोरच्या गांधी मैदानाच्या बाजूने, पाऊस थांबला असताना पाहावे.

या वास्तूशी जोडलेली आणखी एक गोष्ट चुकवू नये. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. तीच शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली आणि दीर्घकाळ राजवाड्यातच भरत असे. डॉ. बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाचा हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. शिक्षणाचा धागा धरायचा असेल तर कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या समाधीलाही जाऊन यावे; त्यांनी १९१९ मध्ये काढलेली रयत शिक्षण संस्था १९२४ पासून साताऱ्यातून चालते.

पाऊस अगदीच हटत नसेल तर कृष्णानगर भागातील नटराज मंदिर हा चांगला आडोसा आहे. चिदंबरमच्या देवळाच्या धर्तीवर बांधलेल्या या मंदिरातली दाक्षिणात्य गोपुरे साताऱ्याच्या काळ्या आभाळाखाली काहीशी अनपेक्षित वाटतात, आणि तेच त्यांचे आकर्षण आहे.

दुपारी चारच्या सुमारास आभाळ थोडे उघडले तर अजिंक्यताऱ्यावर जावे. शहराच्या दक्षिणेला उभा असलेला हा किल्ला वस्तीपासून सुमारे ३०० मीटर उंच आहे आणि गाडीचा रस्ता थेट दरवाज्यापर्यंत जातो. बांधणीचे श्रेय शिलाहार राजा दुसरा भोज याला देतात; शिवाजी महाराजांनी तो १६७३ मध्ये घेतला. औरंगजेबाने १६९९ च्या अखेरीस येथे वेढा घातला तेव्हा किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी तो महिनोन्महिने झुंजवला. मोगलांनी तटाखाली पेरलेल्या सुरुंगांपैकी एकाचा स्फोट उलटला आणि ढासळलेल्या तटाखाली त्यांचेच सैनिक गाडले गेले. एप्रिल १७०० मध्ये किल्ला पडला आणि त्याचे नाव आझमतारा झाले. ताराबाईंच्या सैन्याने तो परत जिंकला आणि अजिंक्यतारा हे नाव रूढ झाले. पावसाळ्यात वर तळी भरलेली असतात, मंगळाईच्या देवळापर्यंतची वाट हिरवी आणि निसरडी असते आणि तटावरून खाली साऱ्या पेठा एका नजरेत मावतात. तटाच्या अगदी कडेला जाऊ नये, कारण ओल्या गवताखाली दगड सुटलेले असतात. धुके आल्यास घाबरून लगेच उतरण्याची गरज नसते. दहा-पंधरा मिनिटे थांबले तर वारा ते फाडून पुन्हा शहर दाखवतो. उतरताना चार भिंतींपाशी थांबावे. राजघराण्यातील स्त्रियांना दसऱ्याची मिरवणूक पाहता यावी म्हणून उभारलेली ही जागा आज १८५७ च्या हुतात्म्यांचे स्मारक आहे.

जेवणखाण

पावसाळी सहलीत जेवण हा दुसरा मुख्य बेत असतो आणि साताऱ्यात तो पंचांगावर अवलंबून असतो. आषाढात, म्हणजे आखाडात, दर रविवारी गावातली निम्मी घरे मटणाच्या वासाने भरलेली असतात आणि खानावळींत उभे राहायला जागा नसते. श्रावण लागला की हेच चित्र पालटते; अनेक घरांत महिनाभर सामिष बंद असते, सोमवारी उपास असतात आणि सामिष खानावळींतली गर्दी ओसरते. सामिष जेवणासाठीच यायचे असेल तर आषाढ निवडावा आणि दुपारी सव्वाबारालाच जागा धरावी. मागे एका रविवारी आम्ही महामार्गालगतच्या एका नावाजलेल्या ठिकाणी एक वाजता पोहोचलो. हातात टोकन मिळाले ते सत्तेचाळीस क्रमांकाचे, आणि आमचा नंबर येईपर्यंत सुके मटण संपले होते.

थाळीत सुके मटण, अळणी (मटणाचे बिनतिखट पाणी), तिखट रस्सा, भाकरी आणि भात असा सरंजाम असतो. अळणी आधी, कढत असतानाच प्यावी. पावसात भिजून आल्यावर तिच्याइतके दुसरे काही बरे वाटत नाही. भाकरी एकदम चार मागवू नयेत, एकेक करून गरम मागवावी. ‘चुलीवरचे मटण’ या पाटीवर फार विसंबू नये, कारण भर पावसात वाळलेली लाकडे मिळवणे खानावळवाल्यालाही जड जाते आणि बऱ्याच ठिकाणी मागच्या बाजूला गॅसच पेटलेला असतो. चव चांगली असेल तर त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही.

शाकाहारी मंडळींना भरली वांगी, पिठले, खर्डा आणि ज्वारी किंवा बाजरीची भाकरी सर्वत्र मिळते. एक पदार्थ मात्र मुद्दाम विचारावा लागतो. कोरेगाव तालुक्यातील वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. अंगावर लालसर पट्टे असलेल्या या घेवड्याची आमटी भाताबरोबर फार छान लागते, पण हॉटेलांच्या छापील यादीत ती क्वचितच असते. मिळाली नाही तर बाजारातून कोरडा घेवडा घरी न्यावा. त्याच फेरीत मंडईही पाहावी, कारण पावसाळ्यात डोंगराकडच्या बाया रानभाज्यांच्या जुड्या घेऊन तेथे बसलेल्या असतात आणि भाजी कशी करायची हे त्या आपणहून सांगतात.

सकाळच्या न्याहरीला मिसळ घ्यावी. आधी चमचाभर कट चाखून मगच तिखटाचा अंदाज बांधावा. संध्याकाळी गांधी मैदानावरची राजवाडा चौपाटी आहेच. तेथे पावसाळ्यात एक नियम पाळावा: डोळ्यांदेखत तव्यावरून किंवा कढईतून उतरेल तेवढेच खावे. पावभाजी, डोसा, भजी चालतील. पाणीपुरीचा मोह आवरावा, निदान मुलांसाठी तरी. रात्रीसाठी शाहू कला मंदिरात नाटकाचा प्रयोग आहे का, हे सकाळच्या स्थानिक वर्तमानपत्रात पाहून ठेवावे. बाहेर पाऊस आणि आत नाटक, अशी रात्र मिळाली तर जेवण आधी उरकून घ्यावे, कारण प्रयोग सुटल्यावर गावातली स्वयंपाकघरे बंद झालेली असतात.

रविवार: डोंगर दिसला तर पश्चिम

यवतेश्वर स्वच्छ दिसत असेल तर सकाळी साडेसहाला निघावे आणि ठोसेघर आधी, सज्जनगड नंतर असा क्रम ठेवावा. दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत. बहुतेक लोक गड आधी लागतो म्हणून तेथेच थांबतात आणि ऐन गर्दीच्या वेळी धबधब्यावर पोहोचतात. शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेला ठोसेघरचा धबधबा समोरच्या गॅलरीतून पाहायचा असतो, खाली उतरून भिजायचा नसतो. कठड्यापलीकडे जाऊन जीव गमावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात कुठून ना कुठून येतात. धुके असेल तर आवाज येतो आणि पाणी दिसत नाही. अशा वेळी गॅलरीतच चहाच्या कपाएवढा वेळ काढावा, पडदा सरकतो. पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. धुक्यात त्यांची पाती दिसत नाहीत, नुसती घुमण्याची सरसर ऐकू येते. गाडीचे दिवे लावून, सावकाश, वेळ असेल तरच तेथे जावे.

परतताना सज्जनगड. समर्थ रामदासांची समाधी येथे आहे आणि पायथ्याला उरमोडी धरणाचा जलाशय पसरलेला आहे. गाडीतळापासून वरचा टप्पा पायऱ्यांचा असल्यामुळे ज्येष्ठांना वेळ द्यावा आणि हातातली खाऊची पिशवी माकडांना दिसणार नाही अशी ठेवावी. दुपारी संस्थानात प्रसाद असतो. पंगतीला बसायचे ठरवले तर शहरातल्या जेवणाचा बेत रद्द करावा, दोन्ही करण्याच्या नादात दोन्हींची मजा जाते.

कासविषयी स्पष्टच सांगतो. जून-जुलैमध्ये कासवर फुले नसतात. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलेले हे पठार खऱ्या अर्थाने फुलते ते साधारण सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, जेव्हा तेरडा, सोनकी, सीतेची आसवे आणि कवळ्याची फुले एकामागून एक येतात. त्या काळात ऑनलाइन नोंदणी करावी लागते, दिवसाची माणसे मोजून सोडतात आणि रविवारी यवतेश्वरचा घाट गाड्यांनी भरून जातो. त्यामुळे फुले पाहायची असतील तर शक्यतो आठवड्याच्या मधल्या वाराला स्वतंत्र यावे. जुलैत जायचेच असेल तर वाऱ्यासाठी आणि तलावासाठी जावे, फुलांची आशा धरू नये.

डोंगर ढगात असेल तर

या बेताला लोक दुय्यम समजतात. मला तो अधिक आवडतो, कारण येथे गर्दी कमी असते. शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा या महाबळेश्वरी उगम पावलेल्या दोन नद्या पुन्हा भेटतात. संगम माहुली आणि क्षेत्र माहुली अशी दोन तीरांवरची ही गावे काळ्या दगडाच्या अठराव्या शतकातील देवळांनी भरलेली आहेत. विश्वेश्वराच्या देवळाच्या सभामंडपात बसून पाऊस पाहता येतो आणि तासभर कोणी उठवत नाही. महाराणी येसूबाई आणि ताराबाई यांच्या समाध्या याच परिसरात आहेत. शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या लाडक्या कुत्र्याचीही समाधी येथे दाखवतात. न्यायनिष्ठेसाठी ओळखले जाणारे रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर मात्र उतरू नये. माहुलीत पाऊस नसला तरी वर धोम आणि कण्हेर धरणांतून पाणी सोडले की येथली पातळी पाहता पाहता वाढते.

दुसरी जागा लिंबची बारा मोटेची विहीर. पुण्याच्या दिशेने सुमारे पंधरा किलोमीटरवर, महामार्गापासून थोडी आत असल्याने पुण्या-मुंबईकडे परतणाऱ्यांनी ती शेवटासाठी राखून ठेवावी. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधून घेतली. वरून पाहिले तर अष्टकोनी विहीर आणि तिला जोडलेली आयताकृती विहीर मिळून शिवलिंगाचा आकार दिसतो. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. पण या विहिरीचे नवल मापात नाही. जिन्याने खाली उतरले की दोन विहिरींच्या मधोमध चक्क एक छोटा महाल लागतो, खांबांवर कोरीव काम आहे, भिंतीवर वाघ-सिंहांची शिल्पे आहेत आणि बाहेर धो-धो पाऊस पडत असताना आत कोरड्या दगडावर उभे राहून कमानीतून वर आलेले पाणी पाहता येते. वर मोटांच्या जागा अजून ओळखू येतात. शेवाळ असल्यामुळे मुलांचा हात सोडू नये.

पेढे आणि परतीची वेळ

कंदी पेढे पहिल्याच दुकानात किलोभर घेऊ नयेत. शनिवारी मोती चौक ते राजवाडा या भागातल्या दोन दुकानांतून पाव-पाव किलो घ्यावेत, रात्री खोलीवर शांतपणे चाखावेत आणि रविवारी आवडलेल्या दुकानात पुन्हा जावे. चांगला कंदी पेढा तपकिरी, किंचित रवाळ आणि बेताचा गोड असतो. खवा खरपूस भाजून त्यातला ओलावा उडवलेला असल्याने तो साध्या पेढ्यापेक्षा अधिक दिवस टिकतो. पांढरट आणि मऊ पेढा कंदी म्हणून दिला तर नको म्हणावे. पावसाळ्याच्या दमट हवेत बुरशी लवकर धरते, म्हणून आज केलेले मागावेत आणि कोमट असतील तर खोक्याचे झाकण थोडा वेळ उघडे ठेवावे.

पुण्याकडे जाणाऱ्यांनी रविवारी दुपारी तीनच्या आत सातारा सोडावे, नाहीतर सरळ रात्रीचे जेवण करून नऊनंतर निघावे. मधल्या वेळेत खंबाटकीपासून खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत गाड्यांची रांग हलत नाही. कराड-सांगलीकडच्या मंडळींना वाटेत घाट लागत नाही, त्यामुळे त्यांनी चौपाटीवर आणखी एक चहा घ्यायला हरकत नाही. पेढ्यांचा खोका मात्र ओल्या छत्र्यांबरोबर डिकीत टाकू नये, पुढच्या सीटवर मांडीवर घ्यावा.